खबरदारीच्या गोळ्या

"आंटी, घुटने के लिए इसकी ज़रूरत नहीं है," अश्लेषा म्हणाली, आणि विनयाला ते मुळीच पटलं नाही.

विनयाचे वडील, अण्णा, खुर्चीत आडवे होते, तोंड उघडं टाकून. खालची डावीकडची दाढ किडून पार पोकळ झाली होती आणि ती काढावी लागणार हे त्यांनाही कळून चुकलं होतं. अश्लेषानं हातातला छोटा आरसा बाजूला ठेवला आणि मास्क हनुवटीवर ओढला. तिचे वडील नोकरीसाठी नागपूरहून लखनौला आले ते इथलेच झाले. मुलगी इथंच जन्मली, इथंच दातांची डॉक्टर झाली आणि शहरातल्याच कपूरथला भागाच्या बाजारात दवाखाना थाटून बसली. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

"अगं, पण त्यांचा गुडघा बदललेला आहे," विनया म्हणाली. "आत धातू आहे. कोल्हापूरच्या सर्जननी मला समोर बसवून सांगितलंय, दातांचं काहीही काम असलं तरी आधी अँटिबायोटिक द्यायचंच. तोंडातले जंतू रक्तात जातात आणि त्या धातूवर जाऊन बसतात."

"पहले सब यही कहते थे. अब नहीं देते. दिल का वॉल्व बदला हो, या वॉल्व में पहले कभी इन्फेक्शन हुआ हो, ऐसे कुछ मरीज़ों को देते हैं. अण्णाजी का दिल तो ठीक है न?"

"दिल एकदम ठीक," खुर्चीतून अण्णा म्हणाले.

"तो बस. बिना वजह देने में भी ख़तरा होता है, आंटी. इस उम्र में और ज़्यादा. फिर भी मन न माने तो हड्डीवाले डॉक्टर से पूछ लीजिए. वो लिखेंगे तो मैं मना नहीं करूँगी. मैं अपनी तरफ़ से नहीं लिखूँगी."

विनयानं मान डोलावली. सर्जन दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते आणि त्यांचा नंबरही तिच्याकडे नव्हता. लखनौत दुसरा कुणी हाडांचा डॉक्टर गाठता आला असता. पण त्याला काय विचारायचं, असं तिला वाटलं. तिला उत्तर माहीत होतं. घरी जाताना तिनं रिक्षा औषधांच्या दुकानापाशी थांबवली. अण्णांना तरुणपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शननं अंगभर गांध्या उठल्या होत्या, म्हणून तिनं त्या जातीतलं टाळून दुसरं औषध मागितलं. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. तिनं पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या. एका डोसवर तिचा जीव शांत झाला नसता.

रात्री जेवताना चंद्रहासनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं, "डॉक्टर नको म्हणतेय ना?"

"ती लहान आहे रे अजून. तिनं आपलं वाचलेलं सांगितलं. काही झालं तर निस्तरायचं कुणी?"

चंद्रहास बँकेत होता. जंतूंच्या विषयात बायकोपुढं बोलायची त्याची कधीच टाप नव्हती. विनया एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या रोगांवर काम करायची. बुरशी, जंतू, त्यांचे वाढण्याचे दिवस यांत तिची पंचवीस वर्षं गेली होती. त्यानं ताटात आणखी भात वाढून घेतला आणि विषय संपला.

खरी गोष्ट अशी की विनयाला संसर्ग या शब्दाची धास्ती बसली होती. तिची आई कराडला गेली ती अशीच. पायाला साधी जखम झाली, ती चिघळली, विष अंगभर पसरलं, आणि लखनौहून विनया पोचेपर्यंत आई कुणाला ओळखेनाशी झाली होती. त्यानंतर अण्णा एकटे पडले. धाकटा भाऊ नरेंद्र कराडातच होता, पण विनयानं हट्टानं अण्णांना आपल्याकडे आणलं. आईच्या वेळी पोचता आलं नाही, ते अण्णांच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. त्यांचं पाणी उकळून गार केलेलं, त्यांचा टॉवेल वेगळा, फळं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. अण्णा हसायचे आणि ऐकायचे.

राजाराम अण्णांचा जन्म एसटीत गेला होता. कराडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं गाड्या लावल्या, गाड्या सोडल्या. लखनौला आल्यावर पहिले काही महिने ते महानगर नावाच्या वस्तीतल्या त्या घरात खिडकीशी बसून असायचे. भाषा येत नव्हती, माणूस ओळखीचं नव्हतं. मग एक दिवस कॉलनीच्या पार्कात त्यांना हरिहर शुक्ल भेटले. ते रेल्वेत गार्ड होते, तेही निवृत्त आणि विधुर. एसटी आणि रेल्वे यांत वेळ कोण जास्त पाळतं यावर त्यांचा पहिल्याच दिवशी वाद झाला, म्हणजे अण्णा मोडक्या हिंदीत आणि हातवारे करून भांडले, आणि दुसऱ्या दिवशी शुक्ल त्यांना बोलवायला फाटकाशी आले.

तेव्हापासून अण्णा बदलले. बदललेल्या गुडघ्यानं ते जोरात चालू लागले. दोघं ई-रिक्षात बसून अमीनाबादला जायचे, तिथं काही घ्यायचं नसायचं, नुसती गर्दी बघायची आणि कचोरी खाऊन परत यायचं. कुठली गाडी कुठून सुटते, कुठला रस्ता कुठं निघतो, हे अण्णांना चंद्रहासपेक्षा जास्त कळू लागलं. "हम आज चारबाग तक पैदल गया था," ते विनयाला मुद्दाम हिंदीत सांगायचे आणि स्वतःच्याच हिंदीवर खूश व्हायचे. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर माणसाला नवा मित्र मिळतो, हे विनयाला फार दिवस खरं वाटत नव्हतं.

दाढ सुरळीत निघाली. अण्णांनी कापसाचा बोळा चावत घरी येऊन दुपारभर झोप काढली. गोळ्या आदल्या दिवसापासूनच चालू केल्या होत्या. अण्णा एकदा म्हणाले होते, "अगं विनू, ह्या गोळीनं पोटात जळजळतंय." विनयानं त्यांना गोळी जेवणानंतर आणि भरपूर पाण्यासोबत घ्यायला सांगितलं. कोर्स अर्धा सोडायचा नसतो, हेही सांगितलं. त्यांनी तो पुरा केला. हिरडी छान भरून आली. अश्लेषाला काही सांगायचं कारणच पडलं नाही.

मग थंडी कडक झाली, सकाळी धुकं उतरू लागलं, आणि चौकात मक्खन मलाईच्या गाड्या लागल्या. दुधाचा तो फेस लखनौत फक्त थंडीतच मिळतो. शुक्ल एका सकाळी अण्णांना घेऊन गेले. अण्णा घरी आले तेव्हा त्यांच्या मिशीला अजून केशर लागलेलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांना जुलाब सुरू झाले.

विनयाला कारण शोधावंच लागलं नाही. उघड्यावरचं दूध, रात्रभर दवात ठेवलेलं, शेकडो लोकांनी वापरलेल्या वाट्या. ती अण्णांवर चिडली. "या वयात जिभेवर ताबा नको का, अण्णा? मी इथं पाणी उकळून देते आणि तुम्ही चौकात जाऊन काय वाट्टेल ते खाता." अण्णांनी कुशीवर वळून पांघरूण ओढून घेतलं. तिनं त्यांना ताक-भात दिला, साखर-मीठ-पाणी दिलं, आणि जुलाब बांधणारी गोळीही दिली.

दुसऱ्या दिवशी शुक्ल फाटकाशी आले. गळ्याला मफलर, हातात पेरू. विनया संस्थेत जायच्या घाईत होती. तिनं त्यांना आत या म्हटलं नाही.

"अंकल, आपको तो समझना चाहिए था," ती म्हणाली. "उनकी उम्र देखिए. बाहर का दूध, वो भी इस मौसम में. अब वो बिस्तर से उठ नहीं पा रहे."

शुक्लांचा चेहरा पडला. त्यांनी पेरूची पिशवी फाटकावर टेकवली आणि हात जोडले. "ग़लती हो गई, बिटिया. हमने ज़िद की थी, वो तो मना कर रहे थे. माफ़ करना." आणि ते वळले. पाठ वाकवून, धुक्यात, हळूहळू. विनयानं ते पाहिलं आणि तिला जरा बरंही वाटलं, की बोलायचं ते बोलून झालं.

अण्णा सुधारले नाहीत. पोट फुगलं, ताप चढला, लघवी कमी झाली. तोंडातून शब्द फुटेना तेव्हा चंद्रहासनं गाडी काढली. हॉस्पिटलात सलाईन लावलं, रक्त काढलं. पोटविकाराच्या डॉक्टरांनी अण्णांचं पोट दाबून पाहिलं आणि विनयाकडे वळून विचारलं, "पिछले महीने-दो महीने में कोई एंटीबायोटिक ली थी इन्होंने?"

डॉक्टर सरळ, सवयीनं विचारत होते, जसा ते दहा रुग्णांना विचारत असतील. विनयाला मात्र त्या प्रश्नाच्या आतच उत्तर दिसलं. तिच्या प्रयोगशाळेत मातीच्या कुंड्या होत्या. मातीतले निरुपद्रवी जंतू औषधानं मारले की पुढच्या काही दिवसांत एखादी हट्टी बुरशी सगळी कुंडी व्यापते, हे तिनं स्वतः कितीदा पाहिलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. आतडं म्हणजे तसलीच माती, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिनं गोळीचं नाव सांगितलं.

"किसने लिखी थी?"

"मी..." ती मराठीत बोलून गेली आणि थांबली. "मैंने दी थी. दाँत निकलवाने से पहले. घुटने की वजह से."

डॉक्टरांनी रागाचा एक शब्द काढला नाही. चांगले जंतू या गोळीनं मेले आणि एक चिवट जंतू माजला असावा, त्याचं विष आतडं सोलून काढतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. जुलाब बांधणारी गोळी दिली होती का, असंही विचारलं. ते विष बाहेर पडू द्यायला हवं होतं. विनया मान खाली घालून हो म्हणाली. तपासणीत तेच निघालं.

अण्णांना दुसरं औषध सुरू झालं आणि आठवडाभरात ताप उतरला. पण मूत्रपिंडांना धक्का बसला होता. पाय काठीसारखे झाले होते. जो गुडघा वाचवायला एवढं केलं, तो गुडघा अगदी ठणठणीत होता, फक्त त्यावर उभं राहायला अंगात ताकद नव्हती.

एका दुपारी चंद्रहास चहा घ्यायला खाली गेला असताना विनयानं त्यांना सांगितलं. पलंगाच्या कडेला बसून, त्यांचा हात हातात न घेता. तिला तो घेववेना.

"अण्णा, मलईनं नाही झालं हे. मी दिलेल्या गोळ्यांनी झालं. अश्लेषा नको म्हणत होती."

अण्णांनी सलाईनची नळी बोटानं जरा बाजूला सारली.

"मी एकच वाटी खाल्ली होती गं," ते म्हणाले. "पोट तर त्याच्या आधीपासूनच बिघडलं होतं. दोन-तीनदा जावं लागायचं. पण तू म्हणालीस मलई, म्हणून मला वाटलं, असेल. तुला त्यातलं कळतं."

"मग आधीपासून होतं तर बोलला का नाहीत?"

"तू एवढं करत होतीस, म्हटलं उगाच कशाला." मग त्यांनी विचारलं, "शुक्लाजी आले नाहीत?"

विनयानं फाटकाशी काय झालं ते त्यांना सांगितलं नाही. थंडी फार आहे, ते घराबाहेर पडत नसतील, असं काहीतरी म्हणाली. ते खोटं तिला त्या क्षणी लहान वाटलं. शुक्लांकडे जाऊन सगळं सांगायचं तिनं ठरवलंही होतं. पण आज घरी जायला उशीर झाला, उद्या तपासण्या आहेत, परवा सुट्टी मिळणार आहे, असं करता करता ते राहत गेलं. खरं म्हणजे ती वाकलेली पाठ आठवून तिला स्वतःची लाज वाटत होती.

अण्णा घरी आले आणि पंधरवड्यात तेच दुखणं उलटलं. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा तेच औषध. या वेळी नरेंद्र कराडहून आला. भांडायला आला नव्हता, पण ताईच्या तोंडाकडे त्यानं फारसं पाहिलं नाही. "मी यांना घेऊन जातो," तो म्हणाला. "तिथं घरात माणसं आहेत. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर." विनयाला नाही म्हणायचा हक्क राहिला नव्हता. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "तुम्ही ठरवा." एसटीच्या शेकडो गाड्यांना शिट्टी देऊन सोडणारा माणूस विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसून ढकलला गेला. धुक्यामुळे विमानाला उशीर होता. अण्णांनी एकदा विचारलं, "शुक्लाजींना कळवलंय ना?" आणि विनया हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शुक्लांच्या घरी गेली.

ते व्हरांड्यात उन्हाला बसले होते. तिला पाहून उठायला लागले. तिनं त्यांना बसवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, गोळ्यांपासून विमानापर्यंत. सांगताना मध्ये मध्ये तिची हिंदी अडखळत होती. शुक्लांनी एकदाही तिला तोडलं नाही.

"तो मलाई से नहीं हुआ," शेवटी ते म्हणाले.

"नहीं, अंकल."

"हम अस्पताल तक आए थे, बिटिया. दो बार. नीचे फाटक से लौट गए. सोचा, किस मुँह से ऊपर जाएँ." त्यांनी मफलर सारखा केला. "आपने पहले बता दिया होता तो हम उनसे मिल लेते."

ते रागानं बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला चहा विचारला, आणि तिनं तो घेतला, कारण नाही म्हणणं त्याहून वाईट झालं असतं.

अश्लेषाकडेही ती गेली. अश्लेषानं ऐकून डोळे मिटून घेतले. "मुझे ज़ोर देकर कहना चाहिए था," ती म्हणाली. "मुझे लगा, आप साइंटिस्ट हैं, आपको क्या समझाऊँ. आपने सिर हिलाया, तो मैंने मान लिया." विनया म्हणाली, "तू सांगितलं होतंस, बाळा. मी ऐकलं नाही." पण अश्लेषाला त्यानं काही दिलासा मिळाल्याचं दिसलं नाही. पुढं त्या दवाखान्यात ती म्हाताऱ्या रुग्णांच्या मुलांना समोर बसवून फार वेळ बोलत असते, असं विनयानं ऐकलं.

फाल्गुनात नरेंद्रचा फोन आला. अण्णांची आणखी एक दाढ हलत होती, कराडच्या दंतवैद्यांनी काढायला सांगितली होती. "ताई," तो म्हणाला, "आधी काही द्यायचं का? गुडघ्यासाठी?"

"मला विचारू नकोस," विनया म्हणाली. मग तिला वाटलं, हेही पळ काढणंच झालं. "डॉक्टरांना सगळं सांग. गुडघा, पेनिसिलिन, मागच्या गोळ्यांनी काय झालं ते, सगळं. ते नको म्हणाले तर मुळीच देऊ नकोस. हो म्हणाले तर कशासाठी ते विचार आणि आतड्याच्या डॉक्टरांना कळव." दाढ गोळीशिवाय निघाली. काही झालं नाही. नरेंद्रनं तसं कळवलं, तेव्हा विनया संस्थेच्या जिन्यात बसून रडली.

चैत्रात तिनं शुक्लांना घेऊन कराडला जायचं ठरवलं. शुक्लांनीच गाडी निवडली, पुण्यापर्यंत ही, तिथून ती, आणि वाटेतलं प्रत्येक स्टेशन तिला नावानिशी दाखवलं. घरी पोचले तेव्हा अण्णा पडवीत खुर्चीत होते, अंगावर शाल, एवढ्या उन्हात. वजन इतकं उतरलं होतं की शुक्ल क्षणभर दारातच थबकले.

"गाड़ी कितनी लेट थी?" अण्णांनी विचारलं.

"पैंतालीस मिनट," शुक्ल म्हणाले.

"हमारा एसटी समय पे आता है."

शुक्ल हसले आणि शेजारी बसले. मग दोघांना फारसं बोलता आलं नाही. अण्णांची हिंदी इतक्या महिन्यांत विरून गेली होती, आणि पूर्वी जे काम हात करायचे ते हात आता शालीबाहेर निघत नव्हते. शुक्ल एखादं वाक्य टाकायचे, अण्णा मान हलवायचे. विनया आतून त्या दोघांच्या पाठी पाहत होती. अमीनाबादच्या गर्दीत कचोरी खाणारी हीच ती दोन माणसं, हे तिला स्वतःलाच पटवावं लागत होतं.

शुक्ल चार दिवस राहिले. निघताना त्यांनी अण्णांना पुढच्या थंडीत लखनौला यायचं बोलावणं केलं. अण्णा हो म्हणाले. कुणीच ते खरं धरलं नाही.

अण्णा आषाढात गेले, दुपारी, झोपेत. मूत्रपिंडं थकली होती, वयही होतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि नरेंद्रनं फोनवर तेच शब्द जपून सांगितले. या वेळीही विनया पोचेपर्यंत उशीर झाला. दिवस उरकून ती लखनौला परतली, तेव्हा शुक्ल भेटायला आले. ते बराच वेळ अण्णांच्या खिडकीपाशी बसून राहिले. तिनं त्यांच्यासाठी चहा टाकला आणि साखर किती घालायची ते विचारायला बाहेर आली. ते रस्त्याकडे बघत होते. तिनं विचारलं नाही. आत जाऊन अंदाजानंच घातली.